मागून बसलेली मोटारसायकल : पान्हा उचलण्याआधी सॅग मोजण्याची आणि मग तो कमी करण्याची रीत

मोटारसायकल मागून बसली आहे असे वाटले, की ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, बहुतेक जण गॅरेजमध्ये गाडी लावून 'शॉकअप टाइट करून द्या' एवढेच सांगतात. मेकॅनिक स्प्रिंगखालची कॉलर शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवतो, गाडी मागून उंच दिसते आणि काम झाले असे दोघांनाही वाटते. पुढच्याच आठवड्यात गतिरोधकावरून उतरताना मागून 'टक' असा आवाज येऊ लागतो, खड्ड्यात चाक उड्या मारते, तरीही डबलसीट बसल्यावर बूड आपटायचे ते आपटतेच. कारण एकच : पान्हा आधी फिरला आणि माप नंतर घेतले गेले, किंवा घेतलेच गेले नाही. या कामाचा क्रम नेमका उलटा आहे आणि पुढचे सर्व टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. ते दोन शॉकअपच्या तसेच मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या, मोटारसायकलींना लागू पडतात. स्कूटरमध्ये जिथे फरक आहे, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

कामाला लागण्याआधी पक्क्या कराव्यात अशा दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे सॅग हा दोष नाही, ती गरज आहे. मागचे चाक पूर्ण लोंबकळत असताना आणि गाडीवर वजन आल्यावर मागच्या बाजूच्या उंचीत जो फरक पडतो, तो सॅग होय. चाक खड्ड्यात उतरते ते याच राखीव जागेमुळे. सॅग शून्यावर आणला, तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि ते खड्ड्यावर हवेत तरंगून पलीकडच्या कडेवर आदळते. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर खड्डे वाढले म्हणून शॉकअप कडक करून घेणारे स्वार नेमके हेच ओढवून घेतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रीलोड, म्हणजे कॉलर फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवल्यामुळे गाडी उंच उभी राहते, इतकेच. स्वार बसल्यावर स्प्रिंग जेवढी दबायची तेवढी ती प्रीलोड वाढवल्यानंतरही दबते. हे एकदा नीट ध्यानात घेतले, तर पुढचा सगळा हिशोब सोपा होतो. घेतले नाही, तर कोणत्याही पायरीवर कॉलर नेली तरी समाधान होत नाही.

टप्पा १ : दोष सॅगचाच आहे का, हे पाहावे

मागच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी मागून बसल्यासारखीच वाटते. म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी हवा आहे का हे आधी तपासावे. तो आकडा चेनकव्हरवरील अथवा स्विंगआर्मवरील (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या भागावरील) स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो, आणि एकट्यासाठी वेगळा व डबलसीटसाठी वेगळा असतो. पंपावर उन्हात तापलेल्या टायरमध्ये घेतलेले रीडिंग येथे उपयोगाचे नाही.

त्यानंतर शॉकअप बारकाईने पाहावा. दांड्याभोवती तेल आणि धूळ मिळून काळा चिकट थर जमला असेल, तर ऑइल सील गेले आहे असे समजावे. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. तेलाचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे असते. त्यामुळे तेल गळलेला शॉकअप गाडीला झुलवतो, पण फारसा बसवत नाही. सीट जोराने खाली दाबून सोडावी. मागची बाजू एकदा वर येऊन थांबली तर ठीक. ती दोन-तीन वेळा हेलकावत राहिली, तर प्रीलोड फिरवण्यात वेळ घालवू नये. तो शॉकअप बदलण्याच्या लायकीचा झाला आहे, आणि गाडी दोन शॉकअपची असेल तर जोडीच बदलावी लागते.

मागचे चाक उचलून बाजूला हलवून पाहिले असता स्विंगआर्म, ज्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात, बिजागरीपाशी खडखडत असेल, तर त्याचे बुश आधी बदलावेत. मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासल्याच्या खुणा आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

सावधान : स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर अडकवून गाडी उंच करून देण्याचा उपाय अनेक दुकानांत सुचवला जातो. त्याने काही वेढे काम करेनासे होतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. गाडी उंच दिसते, पण प्रवास अधिक आदळणारा होतो. असे बफर आधीच बसवलेले असतील, तर मापे घेण्यापूर्वी काढून टाकावेत.

टप्पा २ : जागा, माणसे आणि साहित्य

सोसायटीच्या पोडियमवरील किंवा बेसमेंटमधील पार्किंगची फरशी डोळ्याला सपाट दिसते, पण पाणी वाहून जावे म्हणून तिला बहुधा उतार दिलेला असतो. पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली, की उतार कोणीकडे आहे ते कळते. गाडी त्या उताराला आडवी उभी करू नये, आणि शक्य असल्यास लिफ्टच्या लॉबीसमोरची समतल जागा निवडावी. पेव्हर ब्लॉकवर हे काम करू नये, कारण एखादा ब्लॉक खचलेला असला तरी माप काही मिलिमीटरने चुकते, आणि येथे खेळ मिलिमीटरचाच आहे.

माणसे तीन लागतात : एक स्वार, एक हँडल धरून तोल सांभाळणारा आणि एक माप घेणारा. एकट्याने सीटवर बसून वाकून टेप पाहण्याचा प्रयत्न निरर्थक आहे, कारण वाकताच वजन सरकते.

साहित्य थोडेच लागते : मिलिमीटरच्या खुणा असलेला पोलादी टेप, कागदी चिकटपट्टी, बॉलपेन, वही, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि आपल्या शॉकअपच्या मापाचा सी-स्पॅनर, म्हणजे कॉलर फिरवण्याचा आकड्यासारखा पान्हा. अनेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये तो मिळतो. नसल्यास विकत घ्यावा, पण स्क्रूड्रायव्हर आणि हातोड्याने काम भागवू नये. त्या ठोक्यांनी कॉलरचे खाचे मोडतात, आणि मोडलेल्या खाच्यात नंतर कोणताही पान्हा धरत नाही.

गाडी रोज जशी चालवली जाते तशीच मापाच्या वेळी असावी. टाकी अर्ध्याच्या आसपास भरलेली असावी. मागे टॉपबॉक्स किंवा डिलिव्हरीची पेटी रोज असेल, तर ती रोजच्या वजनासह बसवलेली असावी. स्वाराने हेल्मेट, बूट आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅगसुद्धा घ्यावी. महापे किंवा रबाळेच्या एमआयडीसीत रोज जाणारा माणूस बॅगेशिवाय गाडी चालवत नाही, तर माप तरी बॅगेशिवाय का घ्यावे?

टप्पा ३ : मोजण्याची खूण

मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर जाणाऱ्या रेषेत, फ्रेमला पक्क्या जोडलेल्या भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने बारीक आडवी रेघ मारावी. ग्रॅबरेलचा बोल्ट किंवा मागच्या पॅनेलचा घट्ट भाग यासाठी चांगला. स्विंगआर्मला जोडलेले मडगार्ड चाकाबरोबरच वर-खाली होते, म्हणून ते खुणेसाठी बाद; नंबरप्लेट आणि तिचे लवचिक प्लास्टिक हलते, म्हणून तेही बाद. डाव्या बाजूला साडीगार्ड आडवा येत असेल, तर उजव्या बाजूने मोजावे. मात्र एकदा बाजू ठरली की सर्व मापे त्याच बाजूने घ्यावीत. टेपचे टोक दर वेळी ॲक्सलच्या त्याच बिंदूवर टेकले पाहिजे. नटाच्या कडेवर एकदा आणि मध्यावर एकदा, असे झाले तर हिशोब तिथेच बिघडतो.

टप्पा ४ : तीन मापे

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, म्हणून घाई करू नये. तिन्ही मापांना क्रमाने क, ख, ग अशी नावे देऊ या.

माप क हे चाक पूर्ण लोंबकळत असतानाचे. ज्या मोटारसायकलींचे डबल स्टँड फ्रेमला जोडलेले असते, त्यांत गाडी त्या स्टँडवर चढवली की मागचे चाक अधांतरी होते आणि स्प्रिंग पूर्ण मोकळी होते. चाक जमिनीला टेकलेले नाही याची खात्री करून ॲक्सल ते खूण हे अंतर नोंदवावे. डबल स्टँड नसलेल्या गाडीत एकाने हँडल धरून गाडी साइड स्टँडच्या बाजूला कलवावी, दुसऱ्याने ग्रॅबरेल धरून मागचे चाक जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत उचलावे आणि तिसऱ्याने त्याच क्षणी माप घ्यावे.

सावधान : पॅडॉक स्टँडवर गाडी उचलून माप क घेण्याची चूक हौशी स्वारांकडून हमखास होते. मागचा पॅडॉक स्टँड गाडीला स्विंगआर्मखालून उचलतो, त्यामुळे चाक हवेत असले तरी गाडीचे वजन स्प्रिंगवरच राहते. स्कूटरचे डबल स्टँडही याच कारणाने फसवते, कारण ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये ते इंजिनाला जोडलेले असते आणि इंजिन स्वतःच चाकाबरोबर झुलते. स्कूटरचे माप क मागची बाजू हाताने उचलूनच घ्यावे.

माप ख हे गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कोणी नाही, अशा स्थितीतले. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि कोणताही ब्रेक दाबलेला नसावा, कारण मागचा ब्रेक धरला तर स्विंगआर्म मोकळेपणाने हलत नाही. हँडल धरणाऱ्याने तोल सांभाळण्यापुरताच हात लावावा. मागची बाजू साधारण दोन-तीन सेंटिमीटर खाली दाबून अगदी हळूहळू वर येऊ द्यावी आणि ती थांबेल तिथे माप घ्यावे. मग मागची बाजू तितकीच वर उचलून हळूहळू खाली बसू द्यावी आणि पुन्हा माप घ्यावे. सील आणि बुश यांच्या घर्षणामुळे दोन आकडे वेगळे येतात. त्यांची सरासरी म्हणजे माप ख. नुसती गाडी उभी करून एकच माप घेतले, तर हे घर्षण त्यात मिसळते आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी वेगळा आकडा दाखवते.

माप ग हे स्वारासह. स्वाराने नेहमीच्या जागी, नेहमीच्या पद्धतीने बसावे, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवावेत आणि हँडलवर रेलू नये. समोरून एकाने हँडल धरून गाडी सरळ ठेवावी. वर सांगितल्याप्रमाणेच, एकदा दाबून आणि एकदा उचलून, दोन मापे घेऊन सरासरी काढावी. एक पाय जमिनीवर टेकवून घेतलेले माप ग्राह्य धरू नये, कारण त्या पायावर किती भार गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

तपासणी : ख किंवा ग यांच्या दोन आकड्यांत ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला, तर स्विंगआर्मचे किंवा लिंकेजचे (काही मोनोशॉकमध्ये स्विंगआर्म आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या सांध्यांचे) बुश सुकलेले असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तेथील ग्रीस टिकत नाही. अशा वेळी आधी ग्रीसिंग करून घ्यावे आणि मग सर्व मापे पुन्हा घ्यावीत.

टप्पा ५ : हिशोब, आणि त्यातून मिळणारा निकाल

क मधून ख वजा केला की रिकाम्या गाडीचा सॅग मिळतो. क मधून ग वजा केला की स्वारासह सॅग मिळतो. आता मागच्या चाकाचा एकूण ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली किती मिलिमीटर फिरू शकते तो आकडा, माहितीपत्रकातून शोधावा. रस्त्यावरच्या मोटारसायकलीसाठी स्वारासह सॅग एकूण ट्रॅव्हलच्या ३० टक्क्यांच्या आसपास आणि रिकामा सॅग ५ ते १० टक्के असावा. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० मध्ये मागचा ट्रॅव्हल ८८ मिलिमीटर आहे, म्हणजे स्वारासह सॅग साधारण २६ मिलिमीटर असावा. हीरो एक्सपल्स २०० मध्ये तो १७० मिलिमीटर आहे, म्हणजे तोच आकडा ५१ च्या घरात जातो. त्यामुळे मित्राच्या गाडीचे मिलिमीटर आपल्या गाडीला लावू नयेत, टक्केवारी लावावी.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, गाडीचा ट्रॅव्हल १२० मिलिमीटर आहे. क ५४०, ख ५२७ आणि ग ४९६ आले. रिकामा सॅग १३, स्वारासह सॅग ४४. म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. गाडी खरोखर जास्त बसते आहे. आपल्याला स्वारासह सॅग ३६-३७ पर्यंत आणायचा आहे, म्हणजे गाडी सुमारे ७ मिलिमीटर उचलायची आहे. प्रीलोडने ती ७ मिलिमीटर उचलली की रिकामा सॅगही तेवढाच कमी होऊन ६ वर येईल, जो ट्रॅव्हलच्या ५ टक्के आहे. दोन्ही आकडे हद्दीत बसले. हे काम प्रीलोडने होणारे आहे.

आता दुसरी गाडी घेऊ. ट्रॅव्हल तोच, पण स्वार वजनदार आहे आणि मागे भरलेला टॉपबॉक्स आहे. रिकामा सॅग ११, स्वारासह ५२. येथे १५-१६ मिलिमीटर उचलावे लागेल, पण रिकाम्या सॅगमध्ये तर ११ च शिल्लक आहेत. म्हणजे प्रीलोड वाढवत गेल्यास स्वारासह सॅग जागेवर येण्याआधीच रिकामी गाडी पूर्ण ताठ उभी राहील. ही गाडी प्रीलोडने कधीच नीट होणार नाही. तिला अधिक कडक स्प्रिंग लागेल.

मेख अशी, की हा निकाल पान्ह्याला हात न लावता मिळतो. स्वारासह सॅग आणि रिकामा सॅग यांच्यातील फरक म्हणजे केवळ स्वाराच्या वजनाने दबलेले अंतर. पहिल्या गाडीत ते ३१ मिलिमीटर आहे, दुसऱ्या गाडीत ४१. प्रीलोड कितीही फिरवला तरी हा फरक बदलत नाही, कारण तो स्प्रिंगच्या कडकपणावर ठरतो. हा फरक ट्रॅव्हलच्या साधारण चतुर्थांशाइतका असेल, तर पुढच्या टप्प्याकडे वळावे. तो एक तृतीयांशाच्या जवळ गेला असेल, तर येथेच थांबून स्प्रिंगचा विचार करावा. दुसऱ्या गाडीत ४१ चे ३१ करायचे असतील, तर मूळ स्प्रिंगपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक कडक स्प्रिंग मागावी लागेल. दुकानात नुसते 'हेवी ड्यूटी द्या' असे सांगण्यापेक्षा हा आकडा सांगणे केव्हाही चांगले.

टप्पा ६ : प्रीलोड फिरवणे

अ. पायऱ्यांची कॉलर

स्प्लेंडरसारख्या दोन शॉकअपच्या गाड्यांत पाच पायऱ्यांची, तर काही गाड्यांत सहा पायऱ्यांची कॉलर असते. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, म्हणजे स्प्रिंगवर भार राहत नाही. कॉलर आणि तिच्या पायऱ्यांमधला चिखल तारेच्या ब्रशने काढावा, गंज सोडवणारा स्प्रे मारून काही वेळ मुरू द्यावा. स्प्रे टायरवर किंवा ब्रेकवर उडू नये म्हणून मध्ये जुने कापड धरावे. प्रेशरच्या पाण्याने सीलवर फवारा मारू नये.

आधी सध्याची पायरी कोणती ते सर्वांत मऊ पायरीपासून मोजून वहीत लिहावे. मग सी-स्पॅनरचे टोक खाच्यात पूर्ण बसवून एकच पायरी पुढे सरकवावे. दिशेबद्दल गोंधळ झाला, तर स्प्रिंगकडे पाहावे : तिची लांबी कमी झाली तर प्रीलोड वाढला. दोन्ही बाजूंच्या कॉलर एकाच पायरीवर असल्या पाहिजेत. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला चार अशी अवस्था सर्व्हिसिंगहून आलेल्या गाड्यांतही आढळते आणि तीत स्विंगआर्मला सतत पीळ बसतो.

सावधान : पाचव्या पायरीवरून पुढे ढकलून थेट पहिल्या पायरीवर, किंवा पहिल्यावरून उलट फिरवून पाचव्यावर नेऊ नये. शॉकअप खराब होऊ शकतो. मधल्या प्रत्येक पायरीवरून क्रमानेच जावे.

आ. आट्यांची रिंग

काही मोनोशॉकमध्ये पायऱ्यांऐवजी आटे आणि त्यांवर दोन रिंगा असतात. स्प्रिंगला टेकलेली रिंग प्रीलोड ठरवते, तर दुसरी तिला जागेवर धरून ठेवते. आटे स्वच्छ न करता रिंग फिरवली, तर बारीक वाळू आट्यांत अडकून ॲल्युमिनियम खरवडले जाते. म्हणून ब्रश आणि स्प्रे येथे अधिक काळजीने वापरावेत. आधी धरून ठेवणारी रिंग सैल करावी. प्रीलोडच्या रिंगवर आणि शॉकअपच्या अंगावर पांढऱ्या पेनाने समोरासमोर एकेक ठिपका द्यावा, उघड्या आट्यांची लांबी मोजून लिहावी आणि मग एक पूर्ण फेरा फिरवावा. रिंगबरोबर स्प्रिंगही फिरताना दिसते, त्यात चिंतेचे काही नाही.

मोनोशॉकमध्ये स्प्रिंगचा एक मिलिमीटर म्हणजे चाकापाशी साधारण दोन ते तीन मिलिमीटर. त्यामुळे उदाहरणातील ७ मिलिमीटरसाठी रिंग सुमारे ३ मिलिमीटर सरकवणे पुरे होते. एका दमात पाच-सहा फेरे देण्याची गरज येथे कधीच नसते. माप पक्के होईपर्यंत दुसरी रिंग हाताने टेकवून ठेवावी. सर्व काम झाल्यावर मात्र ती पान्ह्याने घट्ट करायला विसरू नये, नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी प्रीलोड आपोआप सैल होत जातो.

टप्पा ७ : पुन्हा माप

प्रत्येक पायरीनंतर किंवा फेऱ्यानंतर गाडी खाली उतरवून, सीटवर काही वेळा जोर देऊन शॉकअप मोकळा करावा आणि ख व ग ही मापे आधीच्याच रीतीने घ्यावीत. क पुन्हा घेण्याची गरज नाही, कारण प्रीलोडने पूर्ण लोंबकळलेल्या चाकाचे अंतर बदलत नाही. तरीही एकदा ते मोजून पाहावे. आकडा वेगळा आला, तर चिकटपट्टीची खूण सरकली आहे किंवा आधीचे माप चुकले आहे, हे लगेच कळते.

आपल्या उदाहरणातील गाडीत दोन पायऱ्यांनंतर ख ५३४ आणि ग ५०३ आले, म्हणजे रिकामा सॅग ६ आणि स्वारासह ३७, तर तिथेच थांबावे. '३७ कशाला, अजून एक पायरी देऊन ३३ करू' हा मोह होतो. पण तसे केल्यास रिकामा सॅग दोन मिलिमीटरवर येईल आणि पुढचा ब्रेक जोराने मारताना मागचे चाक हलके पडेल.

टप्पा ८ : उंची बदलल्यावर बिघडणाऱ्या इतर गोष्टी

चेनची ढील माहितीपुस्तिकेत सांगितलेल्याच स्थितीत मोजावी. डबल स्टँडवर मोजायची असेल तर प्रीलोडने तीत फरक पडत नाही, पण साइड स्टँडवर मोजायची असेल तर पडतो, कारण तेव्हा स्विंगआर्मचा कोन बदललेला असतो.

हेडलाइटचा झोत मागची बाजू उचलल्यामुळे खाली येतो. गाडी बसलेली असताना झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो म्हणून कोणी तो आधीच खाली करून ठेवला असेल, तर आता तो चाकापुढेच पडेल. रात्री सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर, स्वार बसलेला असताना, झोत पाहून स्क्रूने जुळवून घ्यावा. गाडी साइड स्टँडवर आधीपेक्षा किंचित अधिक कलते. काही मिलिमीटरच्या बदलात तो फरक नगण्य असतो, तरी उतारावर पार्किंग करताना एकदा पाहून घ्यावे.

टप्पा ९ : रस्त्यावरची तपासणी

ओळखीचा, रहदारी कमी असलेला रस्ता निवडावा आणि सकाळी लवकर जावे. सेक्टरच्या अंतर्गत रस्त्यावरील गतिरोधक आणि उड्डाणपुलाचे सांधे या दोन जागा पुरेशा आहेत. गतिरोधकावरून हळू जाताना कान मागे ठेवावेत. चढताना खालून 'धाड' आवाज आला, तर शॉकअप तळाला लागतो आहे. उतरताना 'टक' आवाज आला, तर तो वरच्या टोकाला आपटतो आहे, म्हणजे प्रीलोड जास्त झाला. पुलाच्या सांध्यावर मागचे चाक एकदा हलून शांत झाले पाहिजे. वळणावर आधी गाडी बाहेर ओढत होती आणि पुढून हलकी वाटत होती, ती आता कमी जोराने वळली पाहिजे. याउलट सरळ रस्त्यावर हँडल उतावीळ वाटू लागले, तर एक पायरी मागे यावे.

मोनोशॉकचा दांडा उघडा दिसत असेल, तर त्यावर बारीक केबल टाय सैलसर बांधून ठेवावा. फेरफटक्यानंतर तो कुठवर सरकला यावरून शॉकअपने किती ट्रॅव्हल वापरला हे दिसते. नेहमीच्या रस्त्यावर ट्रॅव्हल थोडासा शिल्लक राहिला पाहिजे.

डबलसीट आणि सामान

आठवडाभर एकटा ऑफिसला जाणारा आणि रविवारी मुरबाडमार्गे माळशेजला डबलसीट निघणारा स्वार एकाच पायरीवर दोन्ही भागवू शकत नाही. डबलसीटसाठी मागे बसणाऱ्या व्यक्तीसह माप ग वेगळे घ्यावे, मात्र तेथे ३० टक्क्यांचा हट्ट धरू नये. ३५ ते ४० टक्क्यांपर्यंतचा सॅग रोजच्या गाड्यांत मान्य करावा लागतो. सामान टॉपबॉक्सऐवजी टाकीवरच्या किंवा बाजूच्या बॅगांत, शक्य तितके पुढे ठेवले, तर एक पायरी वाचते.

डबलसीटसाठी वाढवलेली पायरी परत आल्यावर उतरवली जात नाही, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि एकट्याने चालवताना 'शॉकअप कडक आहेत' ही तक्रार तिच्यातूनच जन्मते. म्हणून दोन्ही स्थितींची पायरी, हवेचा दाब आणि तिन्ही मापे कागदावर लिहून तो कागद सीटच्या खालच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवावा. पुढे स्प्रिंग बदलली तर ख आणि ग बदलतात, आणि शॉकअप बदलला तर माप क सुद्धा बदलू शकते. तेव्हा तो कागद काढून टाकावा आणि टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करावी.